पंपघरावरची खिडकी

बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत बोलणं चाललं होतं. थोरली बाहेर ओल्या फरशीवर पुसणी फिरवत होती, म्हणून तिला ते ऐकावं लागलं.

"बाई आत शिरली हो त्या धुरात! आपण असतो तर आधी रस्त्यापर्यंत पळालो असतो."

"देवाचं करतात ना त्या. अशा वेळी बळ येतं माणसाला."

"दिराला फरफटत बाहेर काढलं. सख्खी बहीणसुद्धा दहा वेळा विचार करेल."

थोरलीने पुसणी बादलीत बुडवली, पिळली आणि पुसून झालेली फरशीच पुन्हा पुसायला घेतली. आतल्या बायका केस पुसत बाहेर आल्या, तिला बघून हसल्या. एकीने जाता जाता तिच्या दंडाला हात लावला, देवळाच्या उंबऱ्याला लावावा तसा. त्या हाताने थोरलीला पोळल्यासारखं झालं.

ती त्या घरातली मोठी सून. घराच्या मागच्या भिंतीला लागूनच पोहण्याचा तलाव होता, आणि घराचा सगळा चरितार्थ त्याच्यावर. तिचा नवरा, ज्याला गिऱ्हाइकंही दादा म्हणत, तिकीटखिडकी आणि दुरुस्त्या बघायचा. धाकटा दीर पोहायला शिकवायचा. तो सगळ्यांचा मास्तर. धाकटी जाऊ मुलींचा वर्ग घ्यायची. आणि पाणी थोरलीचं. ते तपासायचं, गाळायचं, त्यात क्लोरीन किती आणि कधी घालायचं ते ठरवायचं, हे काम लग्न होऊन आल्यावर सासऱ्यांनी तिच्या हाती दिलं, आणि मग ते कुणी परत मागितलं नाही.

तिचा आवाज इतका हळू होता, की तिच्याशी बोलताना माणसं आपोआप खाली वाकत. मास्तरांचं उलट. ते काठावर उभे राहून "पाय!" म्हणाले, की रस्त्यावरून जाणारासुद्धा पाऊल उचलायचा. धाकटी म्हणायची, "दोघांचे आवाज एका भांड्यात घालून ढवळायला पाहिजेत, म्हणजे घरात दोन धड माणसं होतील."

त्यात थोरलीचं रोजचं व्रत. उठल्यापासून देवापुढे दिवा लावून माळ पुरी होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. लग्नाआधीपासून ती ते पाळत आली होती. तापात पाळलं, प्रवासात पाळलं. घराला त्याची सवय झाली होती. त्या वेळात कुणी तिला काही विचारत नसे, आणि विचारलंच तर ती मानेने किंवा बोटाने सांगे.

झालं ते सगळं पाण्यावरून झालं. गेले कित्येक आठवडे पाणी नीट निवळत नव्हतं. थोरली भांड्यात गोळ्या भरत होती. पंपघरात, दाराशीच, नळाला जोडलेलं झाकणाचं एक प्लॅस्टिकचं भांडं होतं. त्यात क्लोरीनच्या पांढऱ्या गोळ्या ठेवायच्या, त्यांच्यावरून पाणी वाहायचं आणि गोळ्या हळूहळू विरघळत राहायच्या. सासऱ्यांच्या वेळेपासून गोळ्याच. पण तळाच्या फरश्या आताशा दुधातून बघाव्या तशा दिसत होत्या, मुलं डोळे चोळत बाहेर येत होती, आणि पाण्याला तो उग्र वास मारत होता. लोक म्हणत, क्लोरीन जास्त होतंय. थोरली गोळ्या कमी करी. मग वास आणखी वाढे.

"वहिनी, तुमच्या गोळ्यांचा जमाना गेला," मास्तर म्हणाले. "सगळीकडे आता दाणेदार पावडर वापरतात. एकदा घालून तर बघू."

"गोळ्यांनी इतकी वर्षं चाललंच ना, भावोजी."

"चाललं. आता रांगतंय."

शेवटी दोघं मिळून दुकानात गेली. दुकानदार जाडजूड, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मास्तरांच्या बाजूने कौल दिला.

"मास्तर बरोबर बोलतायत, बाई. तुमच्या गोळ्यांत एक औषध असतं, उन्हाने क्लोरीन उडून जाऊ नये म्हणून. क्लोरीन खर्च होतं, पण ते औषध पाण्यातच राहतं. साठतं, साठतं, आणि मग क्लोरीनला आळस चढतो. पाण्यात असतं, पण काम करत नाही. वास येतो तो जास्त क्लोरीनचा नाही, दमलेल्या क्लोरीनचा. थोडं पाणी काढून नवं भरा आणि काही महिने ही पावडर वापरा."

मास्तरांनी थोरलीकडे बघून भुवया उडवल्या. त्यात दुष्टावा नव्हता. लहानपणी पत्ते जिंकल्यावर उडवत असतील तशाच. पण तिला ते लागलं. आपल्या पाण्याचं आपल्यालाच इतके दिवस कळलं नाही, आणि ते दुकानात, परक्या माणसासमोर, दिराच्या देखत सांगितलं गेलं.

मास्तर पावडरीचा डबा खांद्यावर घेऊन गाडीकडे गेले. थोरली पिशवी उचलत होती, तेव्हा दुकानदाराने चष्मा डोळ्यांवर ओढला.

"एक लक्षात ठेवा, बाई. ही पावडर गोळ्यांच्या भांड्यात चुकूनही टाकू नका. तिथे गोळीचा चुरा असला तरी नको. गोळ्यांचा चमचासुद्धा हिला लावायचा नाही. दोन्ही क्लोरीनच, पण एकत्र आली की भडकतात. बादलीत आधी पाणी घ्यायचं, मग पाण्यात पावडर, आणि उन्हं उतरल्यावर तलावात कडेकडेने ओतायची. घरी सगळ्यांना सांगा."

"सांगते," थोरली म्हणाली.

आणि तिने सांगितलं नाही.

गाडीत मास्तर गाणं गुणगुणत होते. मध्येच म्हणाले, "वहिनी, गोळ्यांना निरोपाचा समारंभ करायचा का? हार मी आणतो." ती खिडकीबाहेर बघत राहिली. जेवताना त्यांनी दादाला आणि धाकटीला दुकानातली सगळी हकिगत रंगवून सांगितली, दुकानदाराचा आवाज काढून. "क्लोरीनला आळस चढतो म्हणे! मी म्हटलं, आमच्या वहिनींच्या हाताखाली असून आळस? पण काय करणार, वहिनी पाण्यालाही रागवत नाहीत. देवाला असं पाणी चालत असेल, माणसांचे डोळे चुरचुरतात." धाकटीला ठसका लागेपर्यंत हसू आलं. दादाही हसला. थोरली हसली नाही. तिने ताटं गोळा केली. दुकानदाराचे शब्द तिच्या ओठाशी आले होते. तिला वाटलं, आता सांगितलं तर हे म्हणतील, बघा, वहिनींनी पावडरीत खोट काढलीच. सकाळी सांगू. सकाळी काय, कधीही सांगता येईल.

सकाळी तिचं मौन होतं.

देवाची जागा वरच्या खोलीत, खिडकीपाशी होती, आणि खिडकी बरोबर पंपघरावर. पंपघराला पत्र्याचं छप्पर होतं, पण दार सताड उघडं असलं की दाराशी ठेवलेलं भांडं वरून दिसे. ती दिव्याची वात सारखी करत होती, तेव्हा खाली दार करकरलं. मास्तर हसत-गात आत आले. त्यांनी पंप बंद केला, झडप फिरवली, भांड्याचं झाकण उघडलं. आत कालच्या गोळ्या अर्ध्या विरघळलेल्या, ओल्या. मास्तरांनी पावडरीचा डबा जवळ ओढला.

थोरलीच्या हातातली वात तशीच राहिली.

तिला ते नीट दिसत होतं. काय होणार तेही ठाऊक होतं; म्हणजे पुरतं ठाऊक नव्हतं, पण सांगायला हवं एवढं नक्की ठाऊक होतं. एक हाक पुरली असती. हाकही नको, काचेवर बांगडी वाजवली असती, खाली काहीतरी फेकलं असतं, टाळी दिली असती. व्रतात टाळीला कुठे बंदी होती? पण तिने टाळी दिली नाही. तिने देवाकडे तोंड फिरवलं, आणि मनात जे आलं ते अगदी स्पष्ट शब्दांत आलं: फसफसेल थोडं. कळेल त्यांना.

खाली मास्तरांनी चमचा-चमचा पावडर टाकली. झाकण घट्ट फिरवून बसवलं.

मग फटाका फुटावा तसा आवाज झाला. झाकण पत्र्यावर आदळलं, आणि दारातून पिवळट-हिरवा धूर भसकन बाहेर आला. त्यातून खोकला ऐकू आला, आणि मग खोकलाही थांबला.

थोरली कशी खाली आली ते तिला नंतर आठवेना. दोरीवरचा टॉवेल तिने तलावात बुडवला, नाकातोंडाला लावला, आत शिरली, आणि भिंतीशी गुडघ्यांवर बसलेल्या मास्तरांना काखेत हात घालून ओढलं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. काठावर आणून तिने त्यांच्या तोंडावर पाणी मारलं. दादा धावत आला, धाकटी किंचाळत आली. थोरली एक शब्दही बोलली नाही. व्रत मोडू नये म्हणून नव्हे, शब्दच नव्हता. पण नंतर सगळ्यांनी हेच सांगितलं, की बाईने तेवढ्यातही मौन मोडलं नाही.

रुग्णालयात मास्तर उशांना टेकून बसले होते. नाकाला प्राणवायूची नळी, डोळे लाल. आवाज म्हणून जे काही निघत होतं ते कागद चुरगळल्यासारखं होतं.

"वहिनी," ते म्हणाले, "आता तुमची माझी बरोबरी झाली. आवाजात."

"बोलू नका, भावोजी."

"डॉक्टरही तेच म्हणतात. मौन पाळा म्हणे. मी म्हटलं, घरातच शिकवणी आहे."

धाकटीने थोरलीचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि त्यावर कपाळ टेकवून ती रडली. "ताई, मी काय काय बोलले असेन तुम्हाला आजवर. आज तुम्ही नसतात तर मी कुठे असते?"

इथेच, आत्ताच सांगून टाकावं, असं थोरलीला वाटलं. तिने तोंड उघडलंही. पण मास्तर पुन्हा बोलले, "चूक माझीच. डब्यावर लिहिलं होतं म्हणे सगळं, बारीक अक्षरांत. मला वाटलं, भांडं क्लोरीनचं, पावडर क्लोरीनची, मग अडचण काय? वाचायचा कंटाळा केला. वहिनींनी नसतं का सांगितलं त्यांना ठाऊक असतं तर?"

तिने तोंड मिटलं. धाकटीचे हात अजून तिच्या हातांवर होते, गरम. तिने ते सोडवून घेतले आणि पाण्याचा तांब्या भरून आणते म्हणून बाहेर गेली. तांब्या भरलेलाच होता.

घरी तलावाचं काम थांबलं नव्हतं. भांडं फुटलं होतं, ते दादाने काढून टाकलं. पाणी अर्धं बदललं. थोरली आता उन्हं उतरली की बादलीत पाणी घेई, त्यात पावडर सोडी, लाकडी काठीने ढवळी आणि कडेकडेने फिरत ओती. सकाळी काचेच्या नळीत पाणी घेऊन क्लोरीन तपासायच्या औषधाचे थेंब टाकी. पिवळा रंग जितका हवा तितकाच येई. आणि पाणी निवळत गेलं. तळाच्या निळ्या फरश्यांच्या रेघा मोजता येतील इतकं. वास गेला. येणारे-जाणारे म्हणत, थोरलीच्या हाताला गुण आहे. ती काठावर उभी राहून त्या नितळ पाण्यात बघे. तिला त्यात फक्त एवढंच दिसे, की मास्तर बरोबर होते.

टोपीवाले आजोबा रोज यायचे. निवृत्त शिंपी, गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पोहायला सांगितलेलं. रबराची टोपी इतकी घट्ट घालायचे, की भुवया वर चढून चेहरा कायम आश्चर्य वाटल्यासारखा दिसे. गेले काही महिने ते काठाचा दांडा धरून पाय मारायला शिकत होते. मास्तर दवाखान्यात गेल्यापासून नुसता दांडा धरून उभे राहायचे.

"मास्तर कधी येतात हो?" त्यांनी विचारलं. "मी दांडा सोडायला तयार आहे. पण त्यांनी ओरडल्याशिवाय माझे पाय हलत नाहीत. साठ वर्षं मशीन पायाने चालवली, आता पाय म्हणतात आधी हुकूम दाखवा."

"येतील," थोरली म्हणाली.

"काय?"

"येतील म्हटलं."

तिची माळ आता पुरी होत नव्हती. म्हणजे मणी संपायचे, पण कुठल्या मण्यावर काय म्हटलं ते तिला सांगता आलं नसतं. नाव घ्यायला जावं, आणि मनात तेच वाक्य यावं, तितक्याच स्पष्ट शब्दांत. कळेल त्यांना. ती देवाकडे बघेनाशी झाली. वातीकडे बघून हात जोडी, आणि उठे.

मास्तर घरी यायच्या आदल्या संध्याकाळी दादा तिकिटांचं टेबल आवरत होता. थोरली दाराशी उभी होती.

"एक सांगून ठेवतो," दादा म्हणाला. "त्याला आता तलावावर उभं करणार नाही मी. दुसरा शिक्षक बघितलाय."

"अहो, पण—"

"तू ऐक आधी. लोक आपली पोरं, आपली म्हातारी माणसं त्याच्या हाती देतात. डब्यावरच्या चार ओळी वाचायचा ज्याला कंटाळा, त्याच्या भरवशावर मी पाण्यात माणसं सोडू? आज स्वतःचा गळा गेला. उद्या दुसऱ्या कुणाचा जीव."

"त्यांना दुसरं काही येत नाही हो. काठावरून काढलंत तर ते…"

"तिकिटं फाडेल. बसेल इथे. मलाही काही आनंद होतोय का? भाऊ आहे माझा." दादाने खण लावला. मास्तरांकडे असायचा तो तलावाच्या किल्ल्यांचा जुडगा आत पडल्याचा आवाज झाला. "तू मध्ये पडू नकोस. तू तुझं केलंस, जीव वाचवलास. आता मला माझं करू दे."

थोरली तिथेच उभी राहिली. तिला वाटलं होतं, न सांगितलेली गोष्ट आपल्या एकटीच्या छातीत राहील, आपणच तिच्याखाली दबून जाऊ, झालं. ती गोष्ट चालत जाऊन दुसऱ्याच्या पोटावर पाय देईल असं तिच्या मनात आलं नव्हतं. आताही चार शब्द पुरे होते. ते घशातून वर चढले, आणि मग दादाचा दमलेला चेहरा दिसला, आणि तो चेहरा हे ऐकल्यावर आपल्याकडे कसा बघेल तेही दिसलं. ती म्हणाली, "जेवायला वाढते."

दुसऱ्या सकाळी ती नेहमीसारखी उठली. अंघोळ केली. देवापुढे बसली, वात सारखी केली, काडेपेटी घेतली. खाली खोकल्याचा आवाज आला.

तिने खिडकीतून बघितलं. मास्तर काठावर उभे होते. बारीक झाले होते, गळ्याला मफलर, त्यावर शिट्टी. शिट्टी वाजवायला फुप्फुसात वारा कुठला? पण घातली होती. ते पाण्याकडे बघत होते. वाकून त्यांनी हात बुडवला, बोटांनी पाणी उडवलं, आणि तळ दिसतो म्हणून एकटेच हसले. पलीकडे टोपीवाले आजोबा दांडा धरून पाण्यात उभे होते आणि आनंदाने हात हलवत होते. हलवायला म्हणून त्यांनी एक हात दांड्यावरून सोडलासुद्धा होता.

तिकीटखिडकीतून दादा बाहेर आला. "आलास? जरा इकडे ये. बोलायचंय."

मास्तर हात झटकून त्याच्याकडे निघाले.

काडी थोरलीच्या बोटांत होती. वात तुपात भिजलेली होती. आधी दिवा, मग माळ, मग खाली जाऊ; तोवर बोलणं होऊन गेलं असतं, आणि आपण व्रतात होतो म्हणून काही करता आलं नाही, असं आयुष्यभर म्हणता आलं असतं. दुसऱ्यांदा. तिने काडेपेटी खाली ठेवली, खिडकी ढकलली आणि हाक मारली.

"अहो! थांबा!"

दादा जागच्या जागी थिजला. धाकटी स्वयंपाकघरातून हातात चमचा घेऊन धावत बाहेर आली. "काय झालं? कुणाला काय झालं? ताई बोलल्या! कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही," थोरली खाली येत म्हणाली. पायऱ्या उतरताना तिला धाप लागली होती. ती तिघांच्या मध्ये ओल्या फरशीवर उभी राहिली. "दुकानदाराने सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?" दादाने विचारलं.

"पावडर गोळ्यांच्या भांड्यात टाकू नका. दोन्ही एकत्र आली की भडकतात. घरी सगळ्यांना सांगा. भावोजी गाडीपाशी होते. त्याने मला सांगितलं, आणि मी कुणाला सांगितलं नाही."

"विसरलीस?"

"नाही."

तिनेच पुढे सांगितलं, कारण थांबली असती तर पुन्हा बोलता आलं नसतं. "आणि त्या दिवशी मी खिडकीशी होते. झाकण उघडलेलं बघितलं. पावडर टाकताना बघितलं."

"तुझं मौन होतं ना तेव्हा," दादा म्हणाला. तिला वाट काढून देत होता तो.

"मौन देवासाठी असतं हो. मला भावोजींचा राग आला होता. ते मला हसले होते. तो अबोला होता. मी तो देवाच्या नावावर खपवला."

धाकटीच्या हातातला चमचा खाली आला होता. "म्हणजे तुम्ही बघत होतात?"

"हो."

"झाकण बसेपर्यंत?"

"हो. मला वाटलं थोडं फसफसेल. कळेल त्यांना, असं वाटलं. असं होईल ते नव्हतं वाटलं. पण कळेल त्यांना, हे वाटलं होतं."

"मी तुमचे हात धरून रडले, ताई." धाकटीचा आवाज मोठा नव्हता. थोरलीने तिला इतकं हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "तेव्हाही नाही बोललात?"

"नाही."

धाकटी दादाकडे वळली. "आणि दादा, तुम्ही यांना कशाला बोलावत होतात? काठावरून काढायला ना? मला काय कळत नाही? नवा शिक्षक काल तलाव बघून गेला. आता सांगा, यांना कुणी सांगितलं असतं तर यांनी टाकली असती का ती पावडर? सांगा ना."

"डबा वाचायला हवा होता त्याने," दादा म्हणाला; पण सवयीने म्हणाला. तो बायकोकडे बघत होता. थोरलीने ती नजर चुकवली नाही. आदल्या संध्याकाळी तिने मनात बघितला होता त्यापेक्षा तो चेहरा वेगळा होता. राग नव्हता त्यात. अनोळखी माणसाकडे बघावं तसा होता. ते जास्त होतं.

मास्तर पंपघराच्या दाराकडे बघत होते, मग त्यांनी मान वर करून खिडकी बघितली, आणि दोन्हींमधलं अंतर डोळ्यांनी मापलं. किती जवळ होतं ते.

दादा आत गेला. खण उघडल्याचा आवाज झाला. त्याने जुडगा आणून मास्तरांच्या हातात दिला. थोरलीने कमरेची पंपघराची किल्ली सोडली आणि तिकिटांच्या टेबलावर ठेवली. कुणी ती उचलली नाही. कुणी ती परतही दिली नाही.

"अहो!" पाण्यातून हाक आली. "कुणी शिकवणार आहे का आज, की मला नुसतं भिजत घातलंय?"

मास्तर वळले. काठाशी गेले, उजवा हात वर केला, छाती भरून घेतली. तोंड उघडलं. खोकला आला, आणि तो इतका आला की त्यांना गुडघ्यांवर हात टेकून वाकावं लागलं. आजोबांचा सुटलेला हात पटकन दांड्यावर गेला.

खोकला थांबल्यावर मास्तर तसेच वाकून राहिले. मग त्यांनी मान वळवली आणि थोरलीकडे बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते तिला कळलं नाही. त्यांनी बोटाने तिला जवळ बोलावलं. ती गेली. त्यांनी आजोबांकडे बोट केलं, मग तळहात खाली-वर हलवला, पाय मारावेत तसा, आणि मग बोट तिच्या तोंडाकडे केलं.

"मी?" ती म्हणाली.

त्यांनी पुन्हा तळहात हलवला.

"पाय मारा, आजोबा," थोरली म्हणाली.

"काय?" आजोबा म्हणाले.

मास्तरांनी हात पालथ्याचा उताणा करून वर उचलला. म्हणजे, मोठ्याने.

"पाय मारा!"

"अहो बाई, मी टोपी घातलीय, माझे कान आत आहेत!"

धाकटीच्या नाकातून हसण्यासारखा काहीतरी आवाज आला, आणि ती लगेच पाठ फिरवून आत गेली. वरच्या खिडकीत दिवा लागला नव्हता. मास्तरांचं न बोलणं गळ्याचं होतं की मनाचं, हे थोरलीला ओळखता येईना, आणि ते विचारायचा अधिकार आपल्याला उरलेला नाही, एवढं मात्र तिला नीट ओळखता आलं. त्यांचा तळहात तिच्या डोळ्यांसमोर होता. तो आणखी वर गेला.

तिने छाती भरून घेतली.

"पाय! पाय मारा! गुडघे वाकवू नका! सोडा दांडा!"

आवाज फाटला. रस्त्यावरचा कुणीतरी थांबून कुंपणातून डोकावला. आजोबांनी आश्चर्याने तिच्याकडे बघितलं, तसं ते नेहमीच बघत, आणि दांडा सोडला. नितळ पाण्यात त्यांचे पाय तळापर्यंत दिसत होते, एकदा हलले, मग पुन्हा, मग भराभर.

मास्तरांचा हात अजून खाली आला नव्हता.